धोक्याच्या अँजिओप्लास्टीत हृदयाला आधार देणारे पंप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीच्या, दाराशी संमतिपत्र पुढे येते तेव्हा नातेवाइकांच्या हाती वेळ फार थोडा असतो आणि कानावर पडणारे बहुतेक शब्द नवे असतात. "पंपिंग वीस टक्के आहे, तिन्ही नसा बंद आहेत, बलून पंप किंवा इम्पेला लागू शकेल," या एका वाक्यावर घरातल्या कर्त्या माणसाला निर्णय घ्यावा लागतो. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून आलेल्या कुटुंबांना मी हे वाक्य अनेकदा ऐकवले आहे आणि त्यानंतरची त्यांची शांतताही पाहिली आहे. पुढील प्रश्न त्याच बाकावर बसून विचारले गेलेले आहेत.

अँजिओप्लास्टी तर मनगटातून तासाभरात होते असे ऐकले आहे. मग आमच्याच रुग्णाला पंप कशासाठी?

बहुसंख्य रुग्णांना पंप लागतच नाही, हे आधी लक्षात घ्यावे. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवताना बारीक फुगा फुगवून ती धमनी काही सेकंद पूर्ण बंद केली जाते. उरलेले हृदय धडधाकट असेल तर तेवढा वेळ ते सहज निभावून नेते. मात्र ज्याचे अर्धेअधिक स्नायू जुन्या झटक्याने निकामी झाले आहेत आणि जिवंत स्नायूंचा बहुतांश भाग त्याच एका धमनीवर अवलंबून आहे, त्याचा रक्तदाब तेवढ्या सेकंदांतही कोसळू शकतो. रक्तदाब घसरला की हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त कमी पोचते, त्यामुळे स्नायू आणखी ढिले पडतात आणि रक्तदाब आणखी खाली जातो. हे चक्र दोन-चार मिनिटांत हृदय बंद पाडू शकते. पंपाचे काम हे चक्र सुरूच होऊ न देण्याचे, म्हणजे मेंदू व मूत्रपिंडांकडे रक्त चालू ठेवून डॉक्टरांच्या हातात वेळ देण्याचे आहे. तो अडथळा काढत नाही आणि कमकुवत हृदयाला बरेही करत नाही.

'पंपिंग 25 टक्के' म्हणजे हृदय 25 टक्केच जिवंत आहे का?

नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्यात बाहेर फेकला जातो, त्याचे हे प्रमाण आहे. निरोगी माणसातही ते शंभर टक्के नसते, साधारण 55 ते 65 टक्के असते. त्यामुळे 25 ची तुलना शंभराशी न करता साठाशी करावी.

'धोक्याची अँजिओप्लास्टी' हे कोण आणि कशावरून ठरवते?

एका आकड्यावरून ते ठरत नाही, तीन बाबी एकत्र पाहाव्या लागतात. पहिली बाब धमन्यांची. डाव्या बाजूच्या मुख्य खोडातच अडथळा असणे, एकच धमनी चालू असून तिच्यावरच काम करावे लागणे, तिन्ही धमन्या रोगट असणे किंवा कॅल्शियम इतके घट्ट बसलेले असणे की आधी ते हिऱ्याच्या टोकाच्या फिरत्या यंत्राने घासावे लागावे, हे सगळे यात येते. दुसरी बाब हृदयाच्या ताकदीची. पंपिंग 35 टक्क्यांच्या खाली गेले की चिंता वाढते, आणि झोपल्यावर दम लागत असेल किंवा पायावर सूज असेल तर आणखी वाढते. तिसरी बाब माणसाची, म्हणजे वय, मधुमेह, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि फुप्फुसे. तिन्ही बाबी वाईट असलेल्या रुग्णाला पंपाचा आधार आधीच लावून ठेवणे शहाणपणाचे ठरते. एकच बाब वाईट असेल तर पंप हाताशी तयार ठेवून त्याच्याविना काम सुरू करणे पुष्कळदा योग्य असते, आणि असा मधला मार्ग असतो हे नातेवाइकांना फार क्वचित सांगितले जाते.

"बलून टाकला" असे आमच्या भावाच्या वेळी सांगितले होते. बलून पंप म्हणजे तोच का?

दोन्ही वेगळे आहेत, आणि या एका शब्दाने आपल्याकडे जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. अँजिओप्लास्टीतला बलून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. तो हृदयाच्या धमनीत फुगवला जातो आणि लगेच बाहेर काढला जातो. बलून पंपाचा बलून वीतभर लांब असतो, तो छातीतल्या महाधमनीत राहतो आणि तासन्तास, कधी दोन-चार दिवस, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर फुगत-मिटत असतो. बिलावर किंवा डिस्चार्ज कार्डवर नुसते 'बलून' लिहिलेले दिसले तर कोणता, हे विचारून घ्यावे.

बलून पंप नेमके काय करतो?

मांडीच्या धमनीतून एक नळी वर सरकवून तिच्या टोकाचा लांबट फुगा डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या फाट्याच्या जरा खाली ठेवतात. नळीचे दुसरे टोक खाटेशेजारच्या यंत्राला जोडलेले असते. ईसीजी पाहून यंत्र ठरवते की हृदय सैल पडले आहे, आणि त्या क्षणी फुग्यात हेलियम वायू सोडते. फुगलेला फुगा महाधमनीतले रक्त मागे ढकलतो. हृदयाच्या डाव्या धमन्या मुख्यतः हृदय सैल असतानाच भरतात, त्यामुळे त्यांना हा जास्तीचा दाब नेमक्या वेळी मिळतो. पुढचा ठोका पडण्याच्या अगदी आधी फुगा मिटतो, महाधमनीत क्षणभर पोकळी होते आणि हृदयाला रक्त बाहेर फेकायला कमी जोर लावावा लागतो. हेलियम अतिशय हलका असल्याने नळीतून झटकन आत-बाहेर जातो, आणि मिनिटाला शंभर ठोके पडत असतील तर तेवढी चपळाई लागतेच.

याची मर्यादा मोठी आहे. निरोगी माणसाचे हृदय स्वस्थ असताना मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरवते, तर बलून पंप त्यात जास्तीत जास्त अर्धा ते एक लिटर भर घालतो. शिवाय तो हृदयाच्या तालावर चालतो, म्हणून ठोके फारच अनियमित झाले तर त्याचा उपयोग घटतो, आणि हृदय थांबलेच तर तो एकटा रक्त फिरवू शकत नाही.

फुग्याचा आकार रुग्णाच्या उंचीवरून निवडतात. नेहमीचा फुगा 40 मिलिलिटरचा असतो, पण पाच फुटांच्या आसपास उंचीच्या आपल्याकडच्या अनेक महिलांना तो मोठा होतो आणि 34 किंवा 30 चा लागतो. मोठा किंवा खाली सरकलेला फुगा मूत्रपिंडांच्या धमन्यांचे तोंड झाकतो, तर वर सरकलेला डाव्या हाताचा रक्तपुरवठा अडवतो. म्हणून सीसीयूतली, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागातली, अनुभवी सिस्टर पायाची नाडी पाहून झाल्यावर डाव्या मनगटाचीही नाडी चाचपते. पारदर्शक नळीत तपकिरी ठिपके दिसले तर फुगा फाटल्याची ती खूण असते आणि तो ताबडतोब काढावा लागतो.

हे तंत्र जुने आणि कसाला उतरलेले आहे. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी 1967 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन येथे ते प्रथम रुग्णावर वापरले.

इम्पेला म्हणजे काय, आणि त्याला 'खरा पंप' का म्हणतात?

शेतातल्या बोअरमध्ये सोडलेली सबमर्सिबल मोटर ज्याने पाहिली आहे त्याला इम्पेला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. बारीक नळीच्या टोकाला एक चिमुकला पंखा असतो. ती नळी मांडीच्या धमनीतून वर नेऊन महाधमनीच्या झडपेतून पलीकडे, थेट डाव्या कप्प्यात उतरवतात. आतले टोक कप्प्यातले रक्त ओढते आणि झडपेच्या वरचे तोंड ते महाधमनीत सोडते. शेतातली मोटर मिनिटाला 2,900 च्या आसपास फेरे घेते, तर इम्पेला सीपी हा प्रकार 46 हजारांपर्यंत जातो. हृदयाच्या तालाची त्याला गरज नसते.

या कल्पनेचे मूळही शेतीच्या पाण्यातच आहे. रिचर्ड वॅम्पलर या अमेरिकन डॉक्टरांनी इजिप्तमध्ये पाणी उपसण्याचे स्क्रूसारखे पंप पाहिले आणि तेच तत्त्व रक्तासाठी वापरता येईल असे त्यांना वाटले. त्यातून तयार झालेला हेमोपंप 1988 साली टेक्सासमध्ये प्रथम माणसाच्या हृदयात बसवला गेला. आजचा इम्पेला हा त्याच विचाराचा पुढचा वंशज असून त्याची जडणघडण जर्मनीतल्या आखेनमध्ये झाली. दुष्काळ आणि विहिरी यांच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला ही हकीकत सांगितली की त्याची यंत्राविषयीची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

जुना 2.5 हा प्रकार मिनिटाला अडीच लिटरपर्यंत आणि सीपी साडेतीन लिटरच्या पुढे रक्त ढकलू शकतो. त्याहून मोठा 5.5 हा प्रकार खांद्याजवळच्या धमनीवर शस्त्रक्रिया करून बसवावा लागतो, त्यामुळे अँजिओप्लास्टीपुरत्या आधारासाठी तो सहसा घेत नाहीत. इम्पेला डावा कप्पा रिकामा करतो, हा त्याचा महत्त्वाचा गुण आहे. कप्पा रिकामा राहिला की त्याच्या भिंतींवरचा ताण उतरतो आणि हृदयाच्या स्नायूंना प्राणवायू कमी लागतो.

एक्मो आणि टँडमहार्ट यांची नावेही ऐकली. ते कधी?

एक्मो शिरेतले रक्त बाहेर घेते, कृत्रिम फुप्फुसातून त्यात प्राणवायू मिसळते आणि मांडीच्या धमनीतून परत सोडते. चार-पाच लिटरचा प्रवाह त्यातून मिळतो, फुप्फुसांचे कामही होते आणि हृदय पूर्ण थांबले तरी शरीर जिवंत राहते. मात्र हा प्रवाह उलट्या दिशेने वर येत असल्याने कमकुवत डाव्या कप्प्याला त्याच्याविरुद्ध रक्त फेकावे लागते आणि तो फुगू शकतो. म्हणून ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत एक्मो हा पहिला पर्याय नसतो. दोन्ही कप्पे निकामी असतील किंवा प्राणवायूच टिकत नसेल तेव्हा त्याचा विचार होतो.

टँडमहार्ट हा शरीराबाहेर राहणारा पंप आहे. त्यासाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून नळी न्यावी लागते. हे कौशल्य सर्वांकडे नसते, आणि या कामासाठी तो आता क्वचितच वापरला जातो.

इम्पेला जास्त रक्त ढकलतो, म्हणजे तोच चांगला, असे म्हणता येईल का?

तर्काने तसे वाटते, पण रुग्णांवरच्या चाचण्यांनी इतके सरळ उत्तर दिलेले नाही. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे आकडे जरा धीराने वाचावेत.

ब्रिटनमधल्या बीसीआयएस-1 या चाचणीत पंपिंग 30 टक्के किंवा त्याहून कमी असलेले 301 रुग्ण घेतले होते. निम्म्यांना अँजिओप्लास्टीआधीच बलून पंप लावला, निम्म्यांना ठरवून लावला नाही. 2010 साली निष्कर्ष आले तेव्हा मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपास यांचे एकत्रित प्रमाण पंप लावलेल्या गटात 15.2 टक्के आणि न लावलेल्या गटात 16 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पंप न लावलेल्या गटातल्या 12 टक्के रुग्णांना ऐनवेळी तो लावावा लागला. आणि सरासरी चार वर्षांहून थोड्या जास्त काळानंतर पाहिले तेव्हा आधीपासून पंप लावलेल्या गटात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. या उशिरा दिसलेल्या फायद्याचे कारण चाचणीच्या रचनेतून सिद्ध होत नाही, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही.

बलून पंप आणि इम्पेला 2.5 यांची समोरासमोर तुलना प्रोटेक्ट-2 या चाचणीने केली. तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले आणि तिच्यात साडेचारशेच्या आसपास रुग्ण होते. 30 दिवसांत गंभीर घटनांचे प्रमाण इम्पेला गटात 35.1 टक्के आणि बलून गटात 40.1 टक्के आले, पण हा फरक योगायोगानेही येऊ शकेल इतका लहान होता. 90 दिवसांनंतर 40.6 विरुद्ध 49.3 असे अंतर दिसले. तेही संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीच्या जरासे अलीकडेच राहिले. चाचणी ठरल्याआधी थांबवली गेल्याने आकडे आणखी स्पष्ट होऊ शकले नाहीत. इम्पेला असताना रक्तदाब अधिक स्थिर राहिला हे मात्र दिसले, आणि त्यामुळे डॉक्टरांना अधिक वेळ घेऊन काम करता येते.

अमेरिकेतल्या प्रमुख हृदयरोग संस्थांनी 2021 च्या मार्गदर्शक सूत्रांत या आधाराला 'निवडक रुग्णांत वाजवी ठरू शकेल' एवढीच, म्हणजे दुय्यम दर्जाची, शिफारस दिली. "हा पंप लावलाच पाहिजे, नाहीतर रुग्ण वाचणार नाही," असे ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीच्या वेळी कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्या ठामपणाला आजच्या पुराव्याचा आधार नाही.

पण झटका येऊन बीपी पडलेल्या रुग्णाला इम्पेलाने जीवदान मिळते असे वाचले. ते खोटे आहे का?

खोटे नाही, तो वेगळा रुग्ण आहे. मोठा झटका येऊन रक्तदाब कोसळणे याला हृदयजन्य शॉक म्हणतात आणि तिथे पुरावा निराळा आहे. आयएबीपी-शॉक-2 या 600 रुग्णांच्या चाचणीत 2012 साली बलून पंपाने 30 दिवसांच्या मृत्यूंत फरक पडला नाही; पंप लावलेल्यांत 39.7, तर न लावलेल्यांत 41.3 टक्के. 2023 साली ईसीएलएस-शॉक चाचणीत एक्मोनेही फरक पडला नाही. 2024 साली डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या डेंजर-शॉक चाचणीत मात्र इम्पेला सीपी लावलेल्या रुग्णांपैकी 180 दिवसांत 45.8 टक्के दगावले, तर न लावलेल्यांपैकी 58.5 टक्के. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे.

त्याच चाचणीची दुसरी बाजू वाचल्याशिवाय हा आकडा वापरू नये. इम्पेला गटात मध्यम किंवा गंभीर रक्तस्राव 21.8 टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात 11.9 टक्के. पायाचा रक्तपुरवठा अडण्याचे प्रमाण 5.6 विरुद्ध 1.1 टक्के, आणि डायलिसिसची गरज 41.9 विरुद्ध 26.7 टक्के. शिवाय झटक्यानंतर बेशुद्ध राहिलेले रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. शॉकमधल्या या निष्कर्षाच्या बळावर, रक्तदाब व्यवस्थित असलेल्या आणि ठरवून अँजिओप्लास्टी होणाऱ्या रुग्णाला तोच फायदा मिळेल असे मानणे चूक आहे.

कोणत्या रुग्णाला कोणता पंप चालत नाही?

महाधमनीची झडप बरीच गळकी असेल तर बलून पंप आणि इम्पेला दोन्ही टाळतात, कारण मागे ढकललेले रक्त कप्प्यातच परत पडते. महाधमनीचा थर फाटलेला असेल तर बलून पंप वर्ज्य आहे. डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी असेल तर इम्पेला घालत नाहीत, कारण ती सुटून मेंदूत जाऊ शकते. महाधमनीची झडप कृत्रिम धातूची असेल तरीही तो घालता येत नाही. म्हणूनच पंपाआधीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काळजीपूर्वक झालेला असावा. जुन्या, सहा महिन्यांपूर्वीच्या इकोच्या कागदावर हा निर्णय होऊ नये.

पायाला धोका असतो असे संमतिपत्रात लिहिले आहे. तो किती आणि कसला?

नेहमीच्या अँजिओप्लास्टीची मनगटातली नळी सुमारे दोन मिलिमीटर जाडीची असते. बलून पंपाची पावणेतीनच्या आसपास असते. इम्पेला सीपीसाठी मांडीच्या धमनीत 14 फ्रेंच मापाची, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून जाड नळी बसवावी लागते. एक्मोच्या नळ्या त्याहूनही जाड असतात. आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा लहान चणीचा असतो, वर्षानुवर्षे तंबाखू किंवा मिश्री चालू असते, जोडीला मधुमेह असतो, आणि मांडीची धमनी मुळात अरुंद व खडबडीत झालेली असते. अशा धमनीत जाड नळी बसली की तिच्या बाजूने पायाकडे रक्त जायला जागाच उरत नाही. त्यामुळे पंप निवडण्याआधी दोन्ही पायांच्या धमन्यांचे चित्र घेणे मी अनिवार्य मानते. अनेकदा पंपाची निवड हृदयावरून होण्याऐवजी मांडीच्या धमनीवरूनच होते.

एका रुग्णाची आठवण सांगते. अंबड तालुक्यातले एक शेतकरी दुसऱ्या एका रुग्णालयातून पंपासह आमच्याकडे पाठवले गेले. पंपाच्या यंत्राचा स्क्रीन व्यवस्थित चालला होता, आलेख सुरेख दिसत होता, पण त्यांच्या धाकट्या भावाने पांघरूण सरकवून पावलाला हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, हा पाय गार लागतोय." रवाना करताना किंवा वाटेत ती नोंद कोणी केलेली नव्हती. पाय वाचला, पण तो भावाच्या हातामुळे. तेव्हापासून आमच्याकडे पावलावर नाडी लागते त्या ठिकाणी पेनाने फुली करतात, म्हणजे पाळी बदलली तरी प्रत्येक सिस्टर तासातासाला त्याच जागी बोट ठेवते. पाय गार पडणे, पांढरट-निळसर होणे, मुंग्या येणे किंवा पोटरीत असह्य दुखणे, यांतले काहीही दिसले तर नातेवाइकांनी संकोच न करता लगेच सांगावे.

लघवी लाल झाली तर?

इम्पेलाच्या वेगवान पंख्यात तांबड्या पेशी फुटू शकतात आणि लघवी लालसर किंवा चहासारखी होते. पुष्कळदा नळीची जागा थोडी बदलून किंवा वेग कमी करून हे थांबते. दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो, म्हणून लघवीच्या पिशवीचा रंग बदलल्याचे लगेच कळवावे. इम्पेला आणि एक्मोसोबत रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपॅरिन चालू असल्याने मांडीतून किंवा पोटात आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्तगट तपासून रक्ताची सोय आधीच करून ठेवावी. रक्तदाते शोधण्यासाठी मध्यरात्री धावपळ करण्याची वेळ येऊ नये.

आपल्या भागात हे सगळे मिळते का, की पुणे-हैदराबाद गाठावे?

बलून पंप मराठवाड्यातल्या मोठ्या शहरांत वापरला जातो. इम्पेला कायम ठेवणारी केंद्रे देशातच मोजकी आहेत, त्यामुळे नांदेड-लातूरची कुटुंबे हैदराबाद किंवा सोलापूरचा आणि संभाजीनगर-जालन्याची पुण्या-मुंबईचा विचार करतात. माझे मत स्पष्ट आहे. रुग्ण स्थिर असेल, दुखणे थांबलेले असेल आणि निर्णयाला चार दिवस मिळत असतील, तर बायपास व पंप या दोन्हींचा अनुभव असलेल्या केंद्राचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यासाठी अँजिओग्राफीची सीडी नेली किंवा पाठवली तरी पुरते. रुग्ण झटक्यात असेल, बीपी पडलेला असेल, तर जवळची कॅथलॅब गाठून बंद धमनी उघडणे हे कोणत्याही पंपापेक्षा मोलाचे आहे. बीड ते संभाजीनगर हे सुमारे 130 किलोमीटरचे अंतरही अशा रुग्णाला लांब पडते, तिथे हैदराबादचा विचार करू नये. 108 ची रुग्णवाहिका बोलवावी.

पंप लावलेल्या रुग्णाला हलवायचेच असेल तर गाडीत यंत्राची बॅटरी किती वेळ चालेल, हेलियमची टाकी भरलेली आहे का आणि सोबत येणाऱ्याला ते यंत्र चालवता येते का, हे निघण्याआधी विचारावे. बलून पंप बंद पडून फुगा अर्धा तासही निश्चल राहिला तर त्याच्यावर गुठळी धरू शकते.

आणखी एक बाब यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे. ज्या चमूने शंभर वेळा बलून पंप लावला आहे आणि जिथे रात्री तीन वाजता आलेख वाचणारी सिस्टर आहे, तिथला बलून पंप, बाहेरून मागवलेल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहायला कोणी नसलेल्या भारी यंत्रापेक्षा अधिक सुरक्षित असतो.

खर्च किती, आणि योजनेत बसतो का?

बलून पंपाची नळी काही हजारांच्या घरात असते, तर इम्पेलाचा खर्च अनेक लाखांत जातो आणि तो पंप एकदाच वापरता येतो. 2017 साली केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, ती केवळ स्टेंटपुरती आहे, हे ध्यानात ठेवावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 2023 च्या शासन निर्णयाने दरवर्षी प्रतिकुटुंब दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढवले गेले. अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात आहेत. पंपासाठी वेगळी मंजुरी मिळते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, भरती होतानाच विचारून घ्यावे आणि शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवावे. शेत गहाण टाकून महागडा पंप घेण्याची तयारी दाखवणारे मुलगे मी पाहिले आहेत. वडिलांविषयीचा तो जिव्हाळा पाहून गलबलून येते, आणि म्हणूनच सांगते की ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत महाग पंपाने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. कर्ज काढण्याआधी वरचे आकडे डॉक्टरांसमोर ठेवून बोलावे.

पंपाचा एवढा धोका पत्करण्यापेक्षा बायपास किंवा नुसती औषधे बरी नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि तोच सर्वांत शेवटी विचारला जातो. तिन्ही धमन्या रोगट, पंपिंग कमी आणि शरीर शस्त्रक्रिया सोसण्याजोगे असेल तर बायपासच्या बाजूने चांगला पुरावा आहे. स्टिच या 1,212 रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनी औषधे घेणाऱ्यांपैकी 66.1 टक्के, तर बायपास झालेल्यांपैकी 58.9 टक्के मरण पावलेले होते.

अँजिओप्लास्टीबाबत 2022 च्या रिव्हाइव्हड चाचणीने सर्वांनाच थबकायला लावले. पंपिंग 35 टक्के किंवा कमी असलेल्या 700 रुग्णांत, औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हृदय-अकार्यक्षमतेसाठी भरती होणे कमी झाले नाही; अँजिओप्लास्टी गटात 37.2, तर नुसत्या औषधांच्या गटात 38 टक्के. हे रुग्ण स्थिर होते, नुकत्याच आलेल्या झटक्यातले नव्हते. छातीत वारंवार दुखणाऱ्या किंवा झटक्यात असलेल्या रुग्णाला हा निष्कर्ष लावू नये. पण केवळ पंपिंग कमी आहे आणि धमन्यांत अडथळे आहेत एवढ्याच कारणाने अँजिओप्लास्टी सुचवली असेल, तर तिचा हेतू काय, हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

सही करण्याआधी नेमके काय विचारावे?

हृदयशल्यविशारदांचे मत घेतले आहे का? पंप आधीच लावणार आहात की तयार ठेवणार आहात? पायांच्या धमन्या पाहिल्या आहेत का? पंप कॅथलॅबमध्येच काढणार की सीसीयूत ठेवणार, आणि ठेवलात तर रात्री तो कोण पाहणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पंप कधी काढतात, आणि त्यानंतर काय काळजी घ्यायची?

सगळे सुरळीत झाले तर काम संपताच कॅथलॅबमध्येच काढतात. बलून पंप असेल तर आधी प्रत्येक ठोक्याऐवजी दर दुसऱ्या, मग दर तिसऱ्या ठोक्याला चालवून रक्तदाब टिकतो का ते पाहतात. इम्पेलाचा वेग पायरीपायरीने उतरवतात. नळी निघाल्यावर तो पाय काही तास सरळ ठेवावा लागतो. मांडी घालून बसणे, शौचाला उकिडवे बसणे आणि ओझे उचलणे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस टाळावे. जांघेत वाढत जाणारी सूज किंवा पाठीत खोलवर दुखणे सुरू झाले तर वाट न पाहता रुग्णालयात यावे.

रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा वर्षभर, एक दिवसही चुकवू नयेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मी दिवाळीनंतर फडावर निघण्याआधी पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत न्यायला सांगते, कारण सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याजवळच्या डॉक्टरला स्टेंट कोणत्या धमनीत आणि कधी बसवला, हे त्या एका कागदावरूनच कळणार असते.